होडीवालीचा डावा गाल

३ मार्च, सोमवार

चेहरा तिला दिला. मला काच घट्ट बसवायची जुनी लांबी खरवडायला बसवलं.

चार नंबरच्या खिडकीत ज्याला चेहरा म्हणावं असा एकच आहे. तळहाताएवढी काच. बाकी सगळं पाणी, होडी, आभाळ आणि एका आजारी माणसाचे पाय. बाबांनी ती काच सोडवली, मऊ कापडावर घेतली आणि माझ्यासमोरून — अगदी नाकासमोरून! — नर्सच्या टेबलावर नेऊन ठेवली. तिला म्हणाले, सावकाश. मला म्हणाले, कडेची लांबी निघाली का? नाही निघाली. शंभर वर्षांची लांबी आहे, दगड झालाय तिचा. माझाही.

५ मार्च

सगळं नीट लिहून ठेवतो. पुढे कधी वाचलं तर कळेल, मी उगाच जळत नव्हतो.

चर्चच्या सात खिडक्या. शिशाच्या पट्ट्यांत बसवलेली रंगीत काच. सातांत मिळून एका संत बाईची गोष्ट. गिरणीवाल्याची मुलगी, ठरलेलं लग्न मोडून नदीवर होडी चालवायला लागली. साथीच्या दिवसांत ज्यांना कुणी शिवत नव्हतं त्यांना पलीकडच्या दवाखान्यात पोचवायची. शेवटी तिलाच साथ लागली. फादर तिचं लांबलचक नाव घेतात. आमच्या कारखान्यात ती नुसती होडीवाली. आता शिसं मऊ पडलंय, खिडक्यांची पोटं सुटलीत, म्हणून एकेक उतरवून इथे आणायची. कागद ठेवून ठसा घ्यायचा, तुकड्यांना नंबर द्यायचे, सुटे करायचे, पुसायचे, नव्या शिशात बसवायचे. तीन झाल्या. ही चौथी.

हे काम मी रांगत होतो तेव्हापासून बघतोय. बाबांचा धंदाच हा. मी शाळा सोडली दहावीत आणि घर विसाव्या वर्षी. तीन वर्षांत पाच कामं — बोटीवर भांडी घासली, दुकानांच्या पाट्या रंगवल्या, सर्कशीचा तंबू ठोकला, सायकली दुरुस्त केल्या, आणि एका म्हाताऱ्याला पेपर वाचून दाखवला. हे शेवटचं सगळ्यात मजेचं. तो आधी मेलेल्यांची यादी वाचायला लावायचा आणि आपलं नाव नाही म्हणून मला चहा पाजायचा. तर ते असो.

जानेवारीत घरी आलो, तर माझ्या स्टुलावर ही. खरीखुरी नर्स. अकरा वर्षं हॉस्पिटलात काढून, नोकरी सोडून काच शिकायला आलेली. असेल पस्तिशीची. बाबा तिला नर्सबाई म्हणतात, अहो-जाहो करतात, आणि ती बोलायला लागली की हातातलं काम थांबवून ऐकतात. काम थांबवून! मी पहिलं पाऊल टाकलं तेव्हाही थांबवलं नसेल.

६ मार्च

तिनं आज कापसाचे चाळीस बोळे वळले. सगळे सारखे. चीड आली.

९ मार्च, रविवार

नर्स जेवायला. बोलावलं कुणी, तर आत्यानं. म्हणजे आत्याही फितूर.

सूप पिता पिता बाबांनी तिला काचेतल्या बुडबुड्यांवर अर्धा तास सांगितलं. जुन्या काचेत ते लांबुडके का, नव्या काचेत का नसतात. मला या घरात रोज दोन वाक्यं मिळतात: दिवा घालव, पाय उचलून चाल. मध्येच मी म्हणालो की बोटीच्या गोल खिडकीला मी वीतभर जाडीची काच पाहिलीय. बाबांनी मान वर केली, माझ्याकडे जरा वेळ बघितलं, आणि परत सूपमध्ये गेले. आत्या म्हणाली, "भिंगरी, मीठ दे." भिंगरी म्हणजे मी. पायाला आहे म्हणून.

भांडी धुताना आत्याला विचारलं, ही बाई कायमची राहणार आहे का? म्हणाली, तू उठून गेलास, तर जागा काय हात जोडून तुझी वाट बघत बसणार होती?

म्हणजे ठरलंय. आमच्यात कागदबिगद करत नाहीत. आजोबांनीही केला नव्हता. चेहऱ्याचं काम ज्याच्याकडे, कारखाना त्याच्याकडे. आणि चेहरा तर नर्सच्या टेबलावर.

११ मार्च, मंगळवार

बाबा आणि नर्स मापं घ्यायला चर्चमध्ये गेले होते. मी एकटा.

तिच्या स्टुलावर बसलो. काचेच्या टेबलाखालचा दिवा लावला आणि चेहरा वर ठेवला. होडीवाली थकलेली, चाळिशीची. डावा गाल काळपट. उलटी करून बघितली, तर मागच्या बाजूला तपकिरी थर. धूळ, मेणबत्त्यांचा धूर, दुसरं काय असणार? पुढची बाजू लख्ख आणि मागची तशीच. म्हटलं, घ्या, ही तुमची अकरा वर्षांची नर्स! पेशंटची पाठ पुसायची विसरली.

कापसाला थुंकी लावली आणि फिरवला. थुंकीच लागते, बाबाही तीच वापरतात, पाण्यापेक्षा गुणाची. थर निघाला. इतका सहज की मजा वाटली. दहा मिनिटं. आणि काय उजळली! विशीतली पोर. उद्या बाबा विचारतील, हे कुणी केलं? मग सांगू, सावकाश.

नंतर सायकलवाल्याकडे गेलो. त्याच्या कुत्रीला पाच पिल्लं झालीत. एकाचा एकच कान काळा.

१२ मार्च

बाबांनी विचारलं, हे कुणी केलं.

तो मळ नव्हता. रंग होता. जुने कारागीर गालाची सावली काचेच्या मागून रंगवायचे, म्हणजे ती दिसताना कडेला विरघळल्यासारखी दिसते. या कारागिराच्या भट्टीत तो रंग नीट भाजलाच नव्हता, नुसता टेकून उभा होता शंभर वर्षं. बाबांनी हे पहिल्याच आठवड्यात दोघांना बसवून सांगितलं होतं म्हणे. मी तेव्हा कुठे होतो? बहुतेक छपरावरची कबुतरं मोजत होतो.

खालून दिवा लावला, तर डावा गाल ताटलीसारखा सपाट. संत गेली, पोरगी उरली.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात नर्सच म्हणाली, काल निघताना मी ओला कापूस खाली विसरले असेन. तिला खरंच तसं वाटतंय. तोंड पांढरंफटक. आणि बाबा — मी श्वास धरून उभा, आता वीज कोसळणार — बाबांनी स्टूल ओढलं आणि तिच्याशेजारी बसले. तिला सांगितलं की तिशीत असताना त्यांनी एका देवदूताचा अख्खा पंख असाच धुऊन टाकला होता आणि लाजेनं दोन दिवस घरी आले नव्हते. "हात आहे, नर्सबाई. चुकतो," म्हणाले. मग चहा केला. स्वतः! बाबांना चहा करता येतो हे मला आज कळलं.

पंखाची गोष्ट मला कधी सांगितली नाही. तेवीस वर्षांत कधी नाही. सात वर्षांचा असताना मी निळी काच फोडली, तेव्हा पंखबिंख काही निघाला नव्हता. कानाखाली निघाली होती.

१३ मार्च

चूक माझी. माफी तिला. वर चहासुद्धा तिला.

१४ मार्च, शुक्रवार

नर्स चेहऱ्याला हात लावत नाही. हातावर भरवसा नाही म्हणे. दुपारी बाबांना सांगत होती (मी शिडीवर होतो, कान काही शिडीखाली ठेवता येत नाहीत) की महिनाअखेरीला हॉस्पिटलात परत जाते, हे माझं काम नव्हे. बाबांनी दोनदा राहा म्हटलं. संध्याकाळी चेहरा आणून माझ्या टेबलावर ठेवला. तू बघ जरा, म्हणाले.

मिळाला! आता फक्त गप्प बसायचं. गप्प बसण्यात मी कच्चा आहे, पण शिकेन की. माणूस काहीही शिकतो.

तासभर होडीवालीला समोर घेऊन बसलो. ती त्या उघड्या गालानं बघतेय. आनंद व्हायला हवा. पण डोक्यात एकच — तो पंख. ती गोष्ट माझी होती! माझ्या चुकीवर निघालेली, माझ्या हक्काची. आणि ही बाई ती घेऊन हॉस्पिटलात चाललीय.

१५ मार्च

सांगून टाकलं. मोठं मन वगैरे काही नाही, इथे तरी खरं लिहू दे. जळफळाटानं सांगितलं. ती माफी तिच्याकडून काढून घ्यायची होती.

दोघांसमोर म्हणालो, "कापूस नव्हता. मी होतो. मंगळवारी मागून पुसला."

बाबांनी विचारलं, थुंकीनं? हो. किती वेळ? दहा मिनिटं. गोल फिरवला की एका दिशेनं? गोल. मान हलवली. नोंदवहीत लिहायला लावलं: तुकड्याचा नंबर, काय गेलं, कुणी घालवलं. झालं. ना कानाखाली, ना पंख. दारात बराच रेंगाळलो, पण चहाही निघाला नाही.

नर्स मात्र बोलली. आवाज न चढवता, इंजेक्शन देतात तसं. "तीन दिवस मी माझ्याच हातांकडे बघत होते. आणि तू समोर बसून पाव खात होतास."

खरं आहे. खात होतो.

१८ मार्च

गेलेला रंग त्याच काचेवर परत लावायचा नसतो. जुन्या कामावर आपला हात चालवायचा नाही, हा बाबांचा कायदा. दुसरा उपाय आहे. एक पातळ साधी काच घ्यायची, चेहऱ्याच्या आकारात कापायची, तिच्यावर फक्त सावली रंगवायची, भट्टीत भाजायची आणि चेहऱ्याच्या मागे बसवायची. पुढे कुणाला नको वाटली तर काढता येते, चेहऱ्याला धक्का नाही. बाबा म्हणाले, दोघांनीही करा. नर्स महिनाअखेरपर्यंत तरी आहेच.

म्हणजे होडीवालीच्या पाठीशी आता एकाचा हात राहणार. तिचा किंवा माझा. बोटं शिवशिवतायत.

२० मार्च

चार भाजल्या. पहिली मिशीसारखी आली. दुसरीत होडीवालीला गालगुंड झालं. आत्या बघून म्हणाली, हिला आधी दाताच्या डॉक्टरकडे न्या.

नर्सनं एकच केलीय. झाकून ठेवते.

२२ मार्च

सातवी जमली. खरंच जमली!

भट्टी निवत होती तेव्हा बाबा येऊन शेजारी बसले. म्हटलं, आता सावलीबद्दल काहीतरी बोलणार. तर विचारतात काय, बोटीवरून किनारा दिसेनासा होतो तेव्हा कसं वाटतं? म्हटलं, पोटात कसंतरी होतं आणि मग भूक लागते. मग आणखी: झोपायचं कुठे? कपडे वाळत कुठे घालायचे? पैसे संपले की काय करायचं? एवढं सलग ते माझ्याशी कधीच बोलले नव्हते. पण हे सरळ टोमणे. आता परत कधी पळतोस, हाच अर्थ. म्हणून मी म्हटलं, नाही जात हो आता कुठे.

त्यावर नुसतं हं म्हणाले आणि उठले. नर्सला राहा म्हणून विनवायचं, आणि मी राहतो म्हटलं की हं!

२४ मार्च

बाबांनी दोन्ही काचा टेबलावर मांडल्या. मला म्हणाले, निवड. नर्स खिडकीशी, आमच्याकडे पाठ करून.

आधी माझी मागे ठेवली. सुंदर. गालाचं हाड, डोळ्याखालचा खड्डा, सगळं जिथल्या तिथे. कुणीही म्हणेल, वा, काय सावली आहे! मग तिची ठेवली. सावली दिसलीच नाही. होडीवाली दिसली. थकलेली, चाळिशीची, कुणाला तरी पलीकडे सोडून नुकतीच परत आलेली.

परत माझी. परत तिची. पाचदा केलं. टेबल हलवलं, दिवा कमी केला, एक डोळा मिटला. बाबांनी घाई केली नाही. बरं, खोटं बोललो असतो तर कोण पकडणार होतं? पण डोळे बाबांकडून आलेत आणि तेच घरचे भेदी निघाले.

"ही," म्हणालो. तिची.

तोंड कडू झालं. इतकं कडू की बाहेर जाऊन नळाखाली धरलं. परत आलो तर बाबा निघून गेले होते आणि नर्स माझी सातवी काच उजेडात धरून बघत होती. म्हणाली, पुढच्या खिडकीत हात आहेत, एकूण अकरा. ते तू कर, मला हात जमत नाहीत. पुढच्या खिडकीत, म्हणाली. म्हणजे हॉस्पिटल बारगळलं. आनंद झाला का? अजिबात नाही. थोडा.

२७ मार्च

चौथी खिडकी बसली. सकाळी दहाचं ऊन थेट चेहऱ्यावर येतं. फादर बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, हिला काहीच केलेलं दिसत नाही. नर्स लाजून लाल. कामाला यापेक्षा मोठी शाबासकी नाही म्हणे. पण शिशाच्या पट्ट्या जोडणारे डाग माझे आहेत, एकशे बारा. ते कुणी मोजत नाही. मी मोजले.

बाबा सगळ्यांत मागच्या बाकावर बसले होते. खिडकीकडे बघत नव्हते. आमच्याकडे बघत होते.

२८ मार्च, शुक्रवार

सकाळी बाबा दारात. हातात बॅग, पायात नवे बूट. समुद्र बघायला निघालोय, म्हणाले. चौसष्टाव्या वर्षी, पहिल्यांदा. राहिलेल्या तीन खिडक्या तुम्ही दोघं करा. परत कधी येणार विचारलं, तर "बघू". बस वळली तरी एकदाही मागे बघितलं नाही.

आत्याला म्हटलं, मी बाहेरून पत्र टाकायचो, ते आलं की बाबा दोन-दोन दिवस कुणाशी बोलायचे नाहीत, असं तूच सांगितलंस ना? एवढी काळजी होती माझी, आणि आता हे असे निघाले?

आत्या कपाट आवरत होती. मागे न वळता म्हणाली, "काळजी कसली डोंबलाची. जळायचा तो तुझ्यावर."