आल्याने ओढत नेलेलं घर

बसवनगुडी, बंगळूर
२२ ऑगस्ट १९६३

प्रिय नयना,

माझं अक्षर पाहून दचकशील. दचक. मी मंगळवारपासून दचकलेलीच आहे. काल आमटीत दोनदा मीठ पडलं आणि तुझे बाबा निमूट जेवले. हा माणूस काहीही पचवू शकतो, हे मला आधीच कळायला हवं होतं.

आधी आल्याचं सांगते. बाबांच्या कारखान्यातला साहेब विलायतेला परत जाताना त्याला आपल्या गळ्यात मारून गेला, तेव्हा कुत्र्याचं एवढंसं पिल्लू होतं. साहेब जिंजर म्हणे, मी त्याचं आल्या केलं आणि तू पोट धरधरून हसलीस. आता सहा वर्षांचा घोडा झालाय, पण स्वभाव तोच. दूधवाला, पोस्टमन, उद्या चोर आला तरी शेपूट हलवील. जरा आवाज चढवला की कोपऱ्यात तोंड घालून बसतो, मग मलाच समजूत काढावी लागते. लांब कान दूधभातात बुडतात म्हणून तू त्याला अरुंद तोंडाच्या तांब्यात खायला घालायचीस, ती रीत मी मोडली नाही. रोज विंचरायचं, कान पुसायचे, ते ओले राहिले की चिघळतात. तान्हं बाळ परवडलं!

पण गेली दोन वर्षं तो नुसता फुगत चाललाय. जनावरांच्या डॉक्टरांनी मलाच झापलं. ही जातच खादाड, डोळे मोठे करून मागेल, देऊ नका म्हणाले. मी भात निम्मा केला, तरी फुगतोच. बाबा म्हणाले, हवा खाऊन फुगत असेल. रोज संध्याकाळी तेच त्याला फिरायला नेतात, पाऊस असो की अंगात ताप असो.

मंगळवारी त्यांचा पाय मुरगळला म्हणून साखळी मी धरली. साहेब सांगायचा, या जातीच्या कुत्र्यांच्या पूर्वजांना झुडपांतले पक्षी हुसकायला शिकवलेलं, म्हणून नाक सदा जमिनीला. आल्याने नाक लावलं आणि मला फरफटत थेट चामराजपेटेत एका निळ्या फाटकाशी नेलं. फाटक स्वतःच डोक्याने ढकललं. आत पायरीवर अरुंद तोंडाचा तांब्या! एक झिपरी पोर "आल्या, आल्या" करत त्याच्या गळ्यात पडली. हे नाव आपल्या घराबाहेर कुणाला ठाऊक? मागोमाग तिथली कामवाली यल्लव्वा आली. "अक्का, अज्ज बरलिल्लवा?" आजोबा आले नाहीत का, असं ती मला विचारत होती. पोरीने मान वर केली, तर तुझीच हनुवटी.

तू मल्लाप्पांशी लग्न केलंस तेव्हा ज्यांनी भिंतीवरचा तुझा फोटो उतरवला, "ती धारवाडला गेली, आपल्याला मेली" म्हणत मला तुझं नाव काढू दिलं नाही, ते रोज तुझ्या पायरीवर बसून नात खेळवतात! आणि मी चार वर्षं मोरीत नळ सोडून रडतेय, त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. पुढचं ऐक. यल्लव्वा भाबडेपणाने म्हणाली, अज्ज फार चांगले, अज्जीच हट्टी, लेकीचं तोंड बघायला तयार नाही. मी कोण ते मी तिला सांगितलं नाही.

नयना, मी असं कधीही म्हटलेलं नाही. बाबांनी सांगितलं आणि तुला ते खरं वाटलं?

तू डॉक्टरांकडे गेली होतीस, सातवा लागलाय म्हणे. पहिल्या वेळी तुझ्या उशाशी कोण होतं, देव जाणे. म्हणून हे पत्र. या बाळंतपणाला माहेरी यायचं. रविवारी मल्लाप्पांना घेऊन ये, दार मी उघडीन. बाबांना मी विचारलेलं नाही, विचारणारही नाही. तुझ्याकडे येताना त्यांनी मला विचारलं होतं? आणि पोरीचं नाव काय गं ठेवलंस? मी तिची आजी, आणि मला ते माहीत नाही.

तुझीच,
आई