ती घाटावर का आली

४ जुलै, शुक्रवार
व्हय, बघितला. पहिल्याच खेळाला. हार घातलेल्या फोटोतनं असं डोळं वटारू नका, सांगते.

तळेगावच्या थेटरात आपल्या रुपीनं मला मधल्या रांगेत बसवलं. पोरीनं लिहिलेला, पोरीनंच उभा केलेला पिच्चर. पडद्यावर तुमी. म्हंजे तुमच्यासारखा एक, पण उंच, आन दात सरळ. बैलगाड्याच्या शर्यतीचा नाद. सोताचा एक बैल न्हाई, दुसऱ्याच्या बैलापायी येडा. घरच्या कोंबड्यांची अंडी पटक्यात लपवून शेठच्या बैलाला चारतो, तितं थेटर हसलं. मी लय हसले. शेवटाला त्याची बायको शर्यतीच्या घाटावर येती. समदे गडी, बाई एकटी ती. हातात भाकरीची पिशवी. गडी बाजूला सरत्यात, माईकवाला पुकारतो, ‘बबनरावांच्या मंडळी आल्या’. ती हसती. बायामाणसं रडली.

मी पाणी प्याले.

५ जुलै, शनवार
भुशी धरणावर कणसाचा गाडा लावला. गर्दी उंडगी. गिऱ्हाइकाला इचारते, पिच्चर बघितला का? व्हय म्हणला की लिंबू जास्त. न्हाई म्हणला की तिखट जास्त. आज तिखट लय गेलं.

एक चष्मेवाली म्हणाली, मावशी, कशाबद्दल आहे? म्हणलं, नवऱ्याला बैल आवडतो आन बायकोला नवरा. म्हणाली, मग बायकोचं काय?

कणीस करपलं.

६ जुलै, ऐतवार
पेपरात आलंय. दीड स्टार. अर्धा कसा दिला कुणास ठावं, कातरीनं कापला आसंल.

रुपी फोनवर म्हणाली वाचू नकोस. म्हणून वाचलं. ह्यो पेपरवाला नायकाला ग्वाड म्हणतो, बैलांना ग्वाड म्हणतो. म्हंजे तुमी पास. मग म्हणतो, ‘पण ती घाटावर का येते? पंचवीस भाकरी थापणारी बाई एक भाकरी द्यायला हजार पुरुषांत का शिरेल? दिग्दर्शिकेने आपल्या नायिकेला हे विचारलेलेच नाही.’

तीनदा वाचलं. पांढरी दाढी हाय फोटोत. बायकोनं घर सोडलेला वाटतो. (रुपी, तू हे वाचलंस तर मी काय म्हणले न्हाई.)

७ जुलै, सोमवार
मोबाईलवर तर नावं ठेवणाऱ्यांची रांगच लागलीय. एक पोरगा केस कुरळे, धा मिनटं हातवारे करून शिव्या घालतो, मधीच तेलाची जाहिरात करतो. एक बाई म्हणती, असल्या सोशिक बायका दाखवणं बंद करा, ही नुसती हसते. तिसरा म्हणतो, घाटाचा शीन खोटा. समद्यांचं बोट तितंच. जसं काय ठरवून.

मी बी लिहिलं खाली. नाव दुसरं टाकलं, ‘एक प्रेक्षक, पुणे’. ‘पिच्चर एक नंबर. घाटाचा शीन खरा हाय, मी बघितलाय.’ वाईच वेळानं एकानं उत्तर दिलं, ‘तुम्ही दिग्दर्शिकेच्या आई का?’ माझा फोटो दिसत व्हता म्हणं, रुपीच्या गळ्यात हात टाकलेला.

ताराअक्काला सांगितलं शेजारच्या. ती चुलीपाशी लोळली हसून. मग म्हणाली, पण रमे, खरंच का गं गेलतीस तू घाटावर? तवा गावात चार म्हैने तेच बोलत व्हते.

म्हणलं, तुझा नवरा बघायला.

९ जुलै, बुधवार
रुपी आली. बॅग दारात टाकली, भिंतीकडं तोंड करून निजली. आंबटवरण केलं, भात केला. दोन घास. परत मोबाईल. म्हणलं दे हिकडं तो, भट्टीत घालते. म्हणाली, ‘आई, तू काही करू शकत नाहीस.’

खरं हाय. शाळेत हिला एकदा बाईंनी उगाच मारलं, तर मी जाऊन बाईंच्या टेबलावर बसले व्हते. आता कुणाच्या टेबलावर बसू? हे लोक ऱ्हात्यात कुटं ते बी ठावं न्हाई.

तुमी असता तर गेला असता का भांडायला? शर्यतीचा झेंडा पडायच्या आत परत येणार असाल तर.

११ जुलै, शुक्रवार
थेटरातनं उतरला. आठ दिस. लोणावळ्यात बाजारात भिंतीवर पोस्टर व्हतं, त्यावर दुसरं चिकटवलं, नुसता बैलाचा कान ऱ्हायलाय.

पिच्चरला पैसा लावलेला शेठ फोन करतो. रुपी बाहेर पावसात जाऊन बोलती. आत आली, डोकं न पुसताच सांगाय लागली. आता मोबाईलच्या ॲपवर जाणार म्हणं पिच्चर. शेठ म्हणतो, त्याआदी घाटाचा शीन नीट कर. नवीन शूटिंग न्हाई. नायिकेच्या मनातलं बोलणं त्यावर टाकायचं, चार वाक्यं. का आली ते सांगायचं. न्हाईतर तो शीनच कापायचा. आन पुढचा पिच्चर हिला मिळंल का न्हाई ते ह्याच्यावर.

मंगळवारी धा वाजता पुण्यात रेकॉर्डिंग.

१२ जुलै, शनवार
रुपी कणसाच्या गाड्यावर आली. भिजलेली. म्हणाली, ‘आई, पप्पांनी मला ती गोष्ट शंभर वेळा सांगितली. आली, हसली, भाकरी आणली. पण घाटावर का आली ते कधीच नाही सांगितलं. तूच सांग. तू का गेली होतीस?’

म्हणलं, भेळ खायला.

‘आई.’

म्हणलं, बैलाला जाब इचारायला, माझी अंडी का खातोस.

हसली न्हाई. पयल्यांदाच माझ्या बोलण्याला हसली न्हाई पोरगी. म्हणाली, ‘मला वाटतं तुझं प्रेम होतं, आणि ते मला दाखवता नाही आलं. माझीच चूक आहे.’

मी लिंबू फिरवत ऱ्हायले कणसावर. गिऱ्हाईक म्हणालं मावशी बास.

१३ जुलै, ऐतवार
चार वाक्यं लिहून दिली तिला. ‘मला त्यांची आठवण आली.’ आसलं कायतरी. तिनं वाचलं, घडी घातली. म्हणाली, ‘छान आहे. पण खोटं वाटतंय.’

पोरगी बी दाढीवाल्यासारखी झाली.

१४ जुलै, सोमवार
दुपार. पाऊस लय, गाडा लावला न्हाई. रुपी आत वही घिऊन बसलीय, खोडती. चार वाक्यं. उद्या धा वाजता. मी दारात बसलेय, तुमच्या फोटोकडं पाठ करून.

तुमालाच सांगते आदी. तिला सांगायचं का न्हाई ते मागनं बघू.

आठ दिस ताप व्हता मला. लगीन होऊन तीनच वर्सं. हातरुणातनं उठवंना. तुमी पहाटं अंडी घिऊन शेठच्या बैलाकडं जायचा, त्याला तेल चोळायचा, दिवेलागणीला यायचा आन त्याच्या खुराबद्दल बोलायचा. म्हणायचा, आज त्यानं नीट खाल्लं न्हाई गं. मी आठ दिस खाल्लं न्हाई. ते न्हाई दिसलं.

नवव्या दिवशी ताप उतरला. यात्रा व्हती. समदं गाव घाटावर. माझ्या माहेरची, कामशेतची एस्टी घाटाच्या खालीच थांबायची, दुसरा थांबाच न्हवता. एस्टी आली न्हाई. यात्रंमुळं वर वळवली म्हणं. मी उभी. तवर माईकवाल्यानं बघितलं आन पुकारलं. तुमी भंडाऱ्यानं पिवळे, गर्दीतनं पळत आला. तुमचा तो चेहरा. हात धरून वर नेलंत. म्हणालात, काय आणलंय? माझ्या तोंडातनं निघालं, भाकरी. म्हणालात, मागनं खाऊ, बैलांची बारी सुटतीय. पिशवी खाली ठेवून तिच्यावरच बसलात.

आन मी हसले. ते खरं हाय. दुसरं काय करणार.

भाकरी कुटं गेली ते तुमी घरी आल्यावर इचारलं न्हाई. मेलात तवर न्हाई इचारलं. पोरीला शंभरदा गोष्ट सांगितलीत, तिच्यात भाकरी कदी कुणी खाल्लीच न्हाई. म्हंजे बसल्यावर कळलं व्हतं का तुमाला, खाली मऊ काय हाय ते?

एस्टी टायमात आली असती तर ही आतली पोरगी बी नसती. हे कसं सांगू तिला. चार वाक्यांत.

पिशवीत दोन लुगडी व्हती. मी तुमच्यासाठी आलेच न्हवते. सोडून चालले व्हते, आन परत येणार न्हवते.