दर महिन्याला दहा नवीन वस्तू

सोमवार, ३ नोव्हेंबर

आमच्या वस्तू ज्या संकेतस्थळावर विकल्या जातात त्याचे पत्र आले. मांडणी शुल्क निम्मे! अटी दोन. करार बारा महिन्यांचा. दर महिन्याला किमान दहा नवीन वस्तू मांडायच्या. एखाद्या महिन्यात दहा भरल्या नाहीत तर सवलत बंद, शिवाय करार मोडल्याचा दंड. मुदत महिनाअखेर.

हिला वाचून दाखवले. "मग घ्या की. त्यात विचारायचं काय?"

हिशेब करून सांगतो, म्हणालो.

वस्तू ही बनवते. बाहुलीघरासाठी लाकडी सामान : बोटभर खुर्च्या, काडेपेटीएवढी कपाटे, खण खरोखर उघडणारी टेबले. एकोणीस वर्षे बनवते आहे. गेल्या बुधवारी डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितले की हिच्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग जातो आहे. कडेचे दिसत राहील. जिथे बघाल नेमके तिथले दिसणार नाही. बारीक काम किती दिवस जमेल? "सांगता येत नाही. इंजेक्शनने थांबलं तर थांबलं."

आम्ही दोघांनीही ऐकले. घरी आल्यावर हिने कुकर लावला.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

गिऱ्हाइकांना मोफत टपाल द्यायचे का, हा प्रश्न वेगळा ठेवून तपासला. टपाल किमतीत मिसळले की संकेतस्थळ त्यावरही कमिशन घेते. म्हणजे फुकट टपाल आपल्याला टपालापेक्षा महाग! उलट, फुकट टपालाच्या वस्तू ते यादीत वर दाखवतात. वर असण्याची किंमत किती, हे कोणीच लिहून देत नाही.

दुसरा आक्षेप तत्त्वाचा. सरासरी टपाल किमतीत धरले की जवळचे गिऱ्हाईक लांबच्याचे टपाल भरते.

हिला हे समजावून सांगितले.

"भरू दे की. त्याला थोडंच कळतंय?"

"मला कळते."

"तुम्हाला सगळंच कळतं. पण खुर्ची काही तुम्ही विकत घेत नाही!"

हसली. माझ्याकडे पाहायचे असले की ती आता माझ्या कानामागे बघते. तसे मी दिसतो म्हणे.

मोफत टपाल ठेवले.

शुक्रवार, ७ नोव्हेंबर

तीन पुडकी पाठवली. शंभर ग्रॅमच्या आत बसवण्यासाठी खोक्याच्या झडपा कापाव्या लागल्या. टपाल खिडकीवरच्या बाई म्हणाल्या, "आजही खुर्च्याच? बसणारी माणसं कधी पाठवणार?" हा विनोद त्या दर महिन्याला करतात. मी दर महिन्याला हसतो. आज पावती मागायची राहिली. परत जाऊन घेतली.

सोमवार, १० नोव्हेंबर

फोटो काढण्यासाठी नवी खुर्ची काचेवर ठेवली. डुगडुगली.

मागचा डावा पाय आखूड. हिच्या हातून असे कधी झालेले नाही. खुर्ची उचलली, पुन्हा ठेवली. जागा बदलली. काच पुसली.

दुरुस्त करणे मला जमण्यासारखे नव्हते. चांगली म्हणून विकणे बरोबर नव्हते. किंमत उतरवली आणि वर्णनात लिहिले : किरकोळ दोष.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे मांडलेल्या वस्तूंची वर्णने हिला वाचून दाखवली. ती दोन शब्दांची ओळ सोडून.

गुरुवार, १३ नोव्हेंबर

आणखी तीन. दोन खुर्च्या, एक कपाट. कपाटाचा खण अडकतो. तीच ओळ लिहिली. तीच ओळ वाचली नाही.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

पहिले इंजेक्शन. डॉक्टर म्हणाले, वाट पाहू.

बसमध्ये हिने विचारले, "सवलत घेतलीत का?"

"अजून नाही."

"इतका कसला हिशेब?"

हिशेब असा. दंड ठरावीक आहे, बचत महिन्याला वाढत जाते. सातव्या महिन्याला दोन्ही सारखे होतात. ही सात महिने काम करू शकली तर सवलत परवडते. त्याआधी थांबली तर तोटा. हे परवा रात्री कागदावर उतरल्यावर मी पेन्सिल खाली ठेवली. चहा केला. कागद पुन्हा तपासला. बरोबर होता.

सवलत घेतली तर मी सात महिने धरून चाललो आहे. न घेतली तर तसे धरत नाही, आणि हे तिला कळेल. तिसरा पर्याय अर्जात नाही.

काही वाटायला हवे होते. बसचे थांबे मोजत बसलो.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

दोषाच्या चारही वस्तू गेल्या! चांगल्या तशाच पडून आहेत. एका बाईंनी कळवले, "दोष पुष्कळ शोधला, सापडला नाही, मुलगी खूश आहे."

ही म्हणाली, "बघा! मोफत टपालाची करामत. मी म्हटलं नव्हतं?"

होय म्हणालो.

शनिवार, २२ नोव्हेंबर

मेहुणी आली. आल्या आल्या फोन काढला. "भाऊजी, तुमचं दुकान बघितलं हं मी काल. काय फोटो काढता, एखाद्या लग्नाचे काढावेत तसे! ताई, ऐक तुला वाचून दाखवते." आणि वाचत सुटली. मी पाणी आणायला उठलो तेवढ्यात आलीच ती ओळ.

"किरकोळ दोष... कमी किमतीत... हे काय गं?" मग तिचे तिलाच समजले. "अगं, चुकून पडलं असेल. या साइटवाल्यांचा काय भरवसा!"

"किती वस्तूंना लिहिलंय?" हिने विचारले. मेहुणीला नव्हे, मला.

"आतापर्यंत पाच."

"चहा टाक गं," ही बहिणीला म्हणाली. "साखर वरच्या डब्यात आहे."

मेहुणी लवकर गेली. दारात मला म्हणाली, "भाऊजी, मेलं माझं तोंड." तुझा दोष नाही, म्हणालो. तिने माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिले.

ही सगळे ऐकून घेतल्यावर एवढेच म्हणाली, "मला सांगता आलं नाही?"

"सांगून तुला दिसले नसते."

वाक्य बरोबर होते. बोलायचे नव्हते.

रविवार, २३ नोव्हेंबर

ही बोलत नाही. जेवण वेळेवर झाले.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

ऑफिसातून आलो तर दोषाची पाचवी वस्तू, ती खुर्ची, जेवणाच्या टेबलावर. ती विकली गेलेली नाही. ही शेजारी बसलेली.

"दाखवा कुठे."

"राहू दे ना आता."

"लिहायला लाज नाही वाटली, दाखवायला वाटते का? धरा माझं बोट."

धरले. मागच्या डाव्या पायाच्या टोकावर टेकवले. मग उजव्या. तिने बोट सोडवून घेतले आणि आपले आपणच फिरवू लागली, पुढून मागे, मागून पुढे.

"किती आहे म्हणता?"

"अर्धा मिलिमीटर."

"छे! जास्त आहे. कशाने मोजलंत?"

"पट्टीने."

"पट्टीने!" ही म्हणाली. ऑडिटमध्ये चोरी सापडल्यावर आमचे साहेब बोलतात तसे.

हिच्या खोक्यातून बारीक मापाचा कॅलिपर काढून मोजले. अर्ध्याहून जास्तच निघाले. वर्णनात आकडा दिलेला नव्हता, त्यामुळे दुरुस्ती करण्यासारखे काही नाही.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर

आज पाठवायला काही नव्हते. तरी जेवणाच्या सुट्टीत टपाल कचेरीत गेलो.

"काय हो, कारखाना बंद?" खिडकीवरच्या बाईंनी विचारले.

"सुट्टी," म्हणालो. मागे रांग होती. बाजूला झालो.

ही कामाच्या टेबलाशी बसते पण करवत उचलत नाही. लाकडाचे तुकडे हाताने चाचपून वेगळे करते. जाड एकीकडे, पातळ एकीकडे. डोळे खिडकीकडे.

रविवार, ३० नोव्हेंबर

आज मुदत संपते. दुपारी हिला सरळ विचारले, सवलत घ्यायची की नाही.

"हिशेब काय म्हणतो?"

सात महिन्यांचे सांगितले. पहिल्यांदाच. टाळण्यासारखे काही उरले नव्हते.

तिने हातातला लाकडाचा तुकडा खाली ठेवला. मग, "म्हणजे इतके दिवस मी किती महिने टिकेन ते मोजत होतात तुम्ही."

"डोळे," म्हणालो. "तू नव्हे. डोळे."

"माझे डोळे बाजूला ठेवा आणि पुन्हा करा हिशेब."

ते कसे करायचे, मला समजले नाही. तिला विचारले. ती म्हणाली, "हात दाखवा." दोन्ही हात पुढे केले. तिने तळवे उलटेसुलटे केले, अंगठे वाकवून पाहिले, बोटांची पेरे दाबली. बाजारात भाजी बघतात तसे.

"मऊ आहेत," म्हणाली. "पण थरथरत नाहीत. भरा अर्ज."

भरला. बारा महिने. मोफत टपालही कायम ठेवले. हे कोणत्याही हिशेबात बसत नाही.

शनिवार, १३ डिसेंबर

माझी चौथी खुर्ची. हिने डोळे मिटून चारही पाय, पाठ, बैठक चाचपली आणि रद्दीच्या टोपलीत टाकली.

"अहो, ही कमी किमतीतसुद्धा कुणी घेणार नाही! पाठ मागे कललीय. पुन्हा करा."

दहापैकी अजून एकही भरलेली नाही. लाकूड कापून ठेवले आहे.