न वाचलेल्या तीन ओळी

बाबा, परवा शेजारच्या काकांनी हैदराबादच्या दवाखान्याचा कागद वाचायला आणला. काकूंच्या लिव्हरमध्ये गाठ आहे, तुमच्यासारखीच. इलाजही तोच, जांघेतून बारीक नळी घालून औषध थेट गाठीपर्यंत सोडायचं आणि तिचा रक्तपुरवठा तोडायचा. कागद तेलुगूत. बेला गावात आपल्या मराठी गल्लीत तेलुगू कागद आला की अजूनही माझ्याकडेच येतो. तुम्ही हौसेनं तेलुगू शाळेत घातलंत, त्याचा हा मान.

तुमचाही कागद मीच वाचला. दवाखान्याच्या बाकावर तुम्ही चष्मा पुसत बसला आहात आणि म्हणता आहात, "वाच माय, काय लिवलं हाये?" मी सांगते, "दोन-चार दिवस ताप येते, पोट दुखते, मंग बरं वाटते." खाली आणखी तीन ओळी होत्या. क्वचित लिव्हरमध्ये पू होतो. लिव्हर काम करेनासं होतं, जीवही जाऊ शकतो. थंडी वाजून ताप आला तर थांबू नका, लगेच या. डॉक्टरांनी काही लपवलं नव्हतं, मला बाजूला बसवून हेच समजावलं होतं आणि वडिलांना नीट सांगा म्हणाले होते. तुम्ही सावकाश सही केलीत. वांगी विकताना मी एकदा किडकी खाली घालून चकचकीत वर रचली, तेव्हा गिऱ्हाइकासमोर अख्खी टोपली पोत्यावर ओतणारे तुम्ही. "वरचंच दाखवून इकाचं असंन तं घरी बस," म्हणालात. मी दिवसभर फुगून बसले आणि बाजार उठल्यावर तुम्ही गरम भज्यांचा पुडा माझ्या मांडीवर ठेवलात. त्या भज्यांची चव अजून आठवते.

घरी आणल्यावर पाचव्या दिवशी तुम्हाला हुडहुडी भरली. दोन चादरी घातल्या तरी दात वाजत होते. मी फोन घेऊन उभी राहिले तर तुम्ही मलाच धीर दिलात, "काऊन घाबरून राह्यली? ताप येते म्हनून तूच सांगतलं ना." तेव्हा तरी खरं सांगायला हवं होतं. मी फोन खाली ठेवला. गाडी करून निघालो तोवर आणखी एक दिवस गेला होता, डोळे पिवळे झाले होते आणि पू पसरला होता. लवकर आणलं असतं तरी तुम्ही वाचला असता असं सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. काही दिवस मला तेवढं पुरतं, काही दिवस अजिबात पुरत नाही.

काकूंना मी सगळं वाचून दाखवलं, खालच्या ओळी दोनदा. त्या मेथी निवडत होत्या. "थंडी वाजली का लगेच निंगाचं, असंच ना?" एवढं विचारलं आणि काकांना गाडीवाल्याचा नंबर भिंतीवर लिहायला लावला. सोमवारी जाताहेत. तुम्हीही एवढंच विचारलं असतं, बाबा. तुम्ही घाबराल म्हणून मी गप्प राहिले नव्हते. तुम्ही सही न करता "चाल घरी" म्हणाल याची भीती मला होती.

हे पत्र तुमच्या त्या कागदाच्या घडीत ठेवते. आई अजून कधी कधी विचारते, त्यात काय लिहिलं होतं गं. मी सांगते, दोन-चार दिवस ताप येते, पोट दुखते, मंग बरं वाटते.