दर्पोक्तीची वल्गना

गुरु. ७ मे
पेपर आला. पान चार. माझं पत्र छापलंय, एक शब्द बदलून. मी लिहिलं होतं: ‘विहीर बुजवून सभागृह बांधीन, अडवणारा अजून जन्माला यायचाय, ही आमच्या कॉलनीच्या अध्यक्षांची दर्पोक्ती.’ छापलंय ‘वल्गना’. खाली माझं नाव!
दर्पोक्ती करणाऱ्याच्या हातात काहीतरी असतं, त्याचा माज बोलतो. वल्गना करणाऱ्याचे हात रिकामे. अध्यक्ष भाऊसाहेबांचा मेहुणा ठेकेदार आहे, दारात स्वतःचा टिप्पर आहे. मी त्यांना माजोरडे म्हटलं होतं. पोकळ नव्हतं म्हटलं.
दुपारी विमल आली, खुशीत. मागच्या लाइनीत राहते, निवृत्त नर्स. नळ रुसला की त्या लाइनीला त्या विहिरीचाच आधार. “बरं हानलं ताई! चौकात त्याले वल्गनाभाऊ म्हनून राहिले सारे.”
मला हसू आलं नाही.

शुक्र. ८
भाऊसाहेब फाटकाशी. आत या म्हटलं, आले नाहीत.
“मॅडम, वल्गना म्हंजे काय हो? आमी झेडपीच्या शाळेतले.”
म्हटलं, तो शब्द माझा नाही.
“शब्द कोनाचाबी असो, नाव तुमचं हाय. लोक म्हनतात भाऊच्यानं होत नाही. आता तं करूनच दाखवा लागन.”
आवाज अगदी मऊ. विहीर बुजवीन म्हणून सभेत ओरडत होते तेव्हा मी घाबरले नव्हते.

रवि. १०
विहिरीशी मुरूम पडलाय. कुणी टाकला, कुणालाच ठाऊक नाही म्हणे. विमलने घरातली भांडी न् भांडी भरून ठेवलीत.

सोम. ११. अकोला.
सकाळच्या एस.टी.ने पेपरच्या मुख्य कचेरीत. उपसंपादक पोहे खात होते, खातच राहिले.
“दर्पोक्ती वाचकाले समजत नाही मॅडम. दोन्हीचा अर्थ एकच नं?”
नाही, म्हटलं.
“कॉन्व्हेंटमधल्या नं तुमी? अन् आमाले मराठी शिकवून राहिल्या!”
कॉन्व्हेंटमध्ये शब्द चुकला की मराठीच्या बाई पट्टी मारायच्या. ह्यांना मिळालेली दिसत नाही.
उठताना म्हणाले, “एका शब्दानं काय विहीर बुजते का?”
जेवायला धाकट्या बहिणीकडे. कुंदा म्हणाली, “राह्य नं इथंच आठ दिवस.” तिने पुन्हा पुन्हा म्हटलं. परत आले.

बुध. १३
विहिरीवरची मोटर कुणीतरी काढून ठेवलीय. शेजारी जेसीबी, बकेट विहिरीकडे. चालकाला विचारलं.
“शनिवारी हाय म्याडम. भाऊ नारळ फोडनार. साऱ्या कॉलनीले बलावलं.”
विमल ओट्यावर उभी होती. “ताई, तुमी ते लिवलंच कावून?”
तो शब्द मी लिहिला नव्हता. हे आता तिलाही पटवायचं?
आत्ताच पत्र लिहिलं. उद्या पहिल्या गाडीने कुणाच्या तरी हाती अकोल्याला. संपादकांना:
‘दुरुस्ती छापा. माझा शब्द दर्पोक्ती होता. अध्यक्ष बोलले ते करू शकतात, हे मी तेव्हाच मानलं होतं. हे छापून आलं तर त्यांना करून दाखवायची गरज उरणार नाही, एवढीच माझी आशा आहे. शनिवारच्या अंकात दुरुस्ती येणार की नाही, ते लेखी कळवा. शुक्रवार, १५ मे, संध्याकाळी पाचच्या आत. फोन नको.’