मास्कमधलं नामस्मरण

गुरुवार, ता. १४

चि. चिमणीस,
मावशीचे अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. पाठकोऱ्या कागदावर लिहितेय, राग मानू नकोस. फोन केला असता, पण तुझा आवाज ऐकला की माझी जीभच उचलत नाही.

तू बसवून दिलेलं झोपेचं मशीन आता छान चालतं. घोरणं थांबलं, श्वास अडकत नाही. तुझे काका म्हणतात, "इतकी वर्षं उशाशी गिरणी होती, आता शांततेनं झोप येईना!"

ताई सांगत होती, कुणा पेशंटनं तक्रार केली म्हणून तुझं नोकरीत कायम व्हायचं राहिलं. तेव्हा मीच तुला म्हणाले होते, "असतात गं अशी माणसं, देव बघतो."

बघतच होता. ती तक्रार माझी होती.

रोज सकाळी घशाला कोरड पडायची. तू दोनदा येऊन हवेचा दाब बदललास, पट्टे आवळलेस, सैल केलेस. "मावशी, झोपताना तोंड उघडं राहतं का?" विचारलंस. मी म्हणाले, "छे गं!" तू आणखी खोदून विचारशील म्हणून तुझ्या ऑफिसात फोन केला, की या मुलीला जमत नाही, दुसरं कुणी पाठवा. नातं सांगितलं नाही.

दुसरा माणूस आला. मास्क लावून मला आडवं व्हायला सांगितलं, आणि म्हणाला, "आजी, कुणाशी बोलताय?"

देवाचं नाव घेत होते गं. नाकाचा मास्क, तोंड उघडलं की सगळी हवा तिथून बाहेर. पण झोपेत श्वास थांबतो असं डॉक्टर म्हणाल्यापासून मी नाव मोठ्यानंच घेते. न जाणो, तोच श्वास शेवटचा असला तर? तू शिकलेली पोर, हसशील असं वाटलं.

"मनातल्या मनात घ्या," तो म्हणाला. तेवढंच करायचं होतं. कागदावर मात्र त्यानं 'आधीचं सेटिंग चुकलेलं' असं लिहिलं. खाली सही मी केली. चष्मा डोळ्यांवर होता.

आज तुझ्या साहेबांना खरं काय ते लिहून, आपलं नातं सांगून, पत्र पेटीत टाकून आले. आधी तुला विचारलं नाही. तू म्हणाली असतीस, "जाऊ दे, मावशी." आणि मी जाऊ दिलं असतं.

तुझ्यासमोर यायचं धाडस नसलेली,
तुझी मावशी