कडब्याच्या भिंतीपलीकडं

येरमाळा, १९४६

गुंडप्पा, शरण शरणार्थी.

सरकारी फार्मवर आपण दोघं दोन वर्षं जनावरांची पैदास शिकलो, दाखलाही सारखाच मिळाला. आज माझा स्वतःचा कळप आहे आणि तू भूमला दुसऱ्याच्या म्हशी राखतोस. लोक याला नशीब म्हणतात. मीही हसून मान डोलावतो.

फार्मसाठी तू तो पांढरा वळू पसंत केलास, तेव्हा मी भिंतीपलीकडं कडबा टाकत होतो. वळू फरशीवरून चालला. त्याचा मागचा डावा पाय हलका पडतोय, हे मला नुसतं ऐकून कळलं. पण फार्मच्या जनावरांवर देखरेख करणाऱ्या दरोग्याची जागा एकच होती. मी गप्प राहिलो. दोन महिन्यांत वळू लंगडा झाला, तुला काढून टाकलं आणि ती जागा मला मिळाली.

काल बाजारात तू तुझ्या जावयाला सांगत होतास, "जावईबापू, बैल घ्यायचा तर आमच्या महालिंगप्पाला संगं न्या. लई तिखट कान हायत त्याचे. त्या दिवशी त्यो जवळ असता, तर माझी नोकरी गेली नसती."

मी तुझ्या पाठीमागंच होतो. हातातलं ताक तसंच ठेवून निघालो.

त्या दिवशीही जवळच असलेला,
महालिंगप्पा